मेपलची खरड छाटणी

जपानी मेपल कधी छाटावा, या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. वसंतात, फांद्यांवरचे डोळे फुगू लागले की त्याला हात लावू नये. जे काढायचे ते भर उन्हाळ्यात, जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये, बारीक फांद्यांपुरते काढावे आणि जाड, जुन्या लाकडात करवत घालू नये. ही दोन वाक्ये माझ्या सासऱ्यांना कोणी सांगितली नव्हती. सांगण्याचे कारणही कोणाला सुचले नव्हते, कारण झाड आमचे नव्हते.

झाड फ्राऊ वीगांड यांचे होते. येना शहराच्या उतारावरील त्यांच्या घराचा तळमजला शुभाने आणि मी भाड्याने घेतला आहे; वर त्या एकट्या राहतात. शुभा सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी भिंगांवरच्या पातळ थरांची जाडी मोजतो. मागच्या अंगणातला तो तांबड्या पानांचा मेपल फ्राऊ वीगांड यांच्या यजमानांनी, हॉर्स्ट यांनी, जर्मनी एक झाल्यानंतरच्या पहिल्या शरदात लावला होता. दर ऑगस्टमध्ये ते त्याची एखाददुसरी फांदी काढत. आधी आठवडाभर झाडाकडे बघत बसत आणि मग काढत, असे त्या सांगतात. चार वर्षांपूर्वी हॉर्स्ट गेले. त्यांची कबर चढावर आहे आणि फ्राऊ वीगांड यांचा खुबा निकामी झाला होता. कबरीपर्यंत जाणे संपल्यावर त्यांनी आपला पलंग मागच्या खिडकीला लावून घेतला. सकाळी डोळे उघडले की समोर झाड दिसावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि ती त्यांनी आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितली होती.

माझे सासरे रंगनाथ बोरस्ते, म्हणजे अण्णा, निफाडचे द्राक्षबागाईतदार. सासूबाई गेल्यावर शुभाने त्यांना आग्रहाने तीन महिन्यांसाठी बोलावून घेतले. बाग आता त्यांचा मुलगा प्रणव बघतो. तरी छाटणीचा पहिला वेल अण्णाच धरतात. वेलाच्या बुंध्याशी नारळ फोडायचा, अण्णांनी पहिली कात्री लावायची आणि मग मजुरांनी रांगा धरायच्या, असा त्यांच्याकडचा रिवाज आहे. शेजारचे बागाईतदारही त्यांना त्यासाठी नेतात. ‘अण्णांचा हात’ असे तिकडे म्हणतात. हात ही मोजता येणारी राशी नसल्याने मी त्याबद्दल कधी मत दिले नव्हते.

अण्णा आले त्या आठवड्यात फ्राऊ वीगांड शस्त्रक्रियेसाठी निघाल्या होत्या. नंतर चालण्याच्या सरावासाठी पुनर्वसन केंद्रात तीन आठवडे होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णा मोज्यांवर चपला घालून ओल्या अंगणात हिंडताना दिसले, तेव्हा फ्राऊ वीगांड यांनी शेडमधून हॉर्स्ट यांचे रबरी बूट काढून त्यांच्यापुढे ठेवले. अण्णांनी हात जोडले. त्यांनीही, कुबडी बगलेत धरून, जमतील तसे जोडले. त्यांच्या ओळखीचा इतिहास एवढाच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही दोघे कामावरून परतलो, तेव्हा अंगणात मेपल नव्हता. एक बुंधा होता, त्यातून निघालेल्या चार जाड भुजा होत्या, आणि प्रत्येक भुजेच्या टोकाला पिवळाधमक लेप होता. लेपाखालून पाणी ठिबकत होते. पिवळे ओघळ खोडावरून उतरून मुळाशी पोचले होते. बाजूला फांद्यांचा ढीग नीट रचून ठेवला होता.

“अण्णा, हे काय केलंत?” शुभा बॅग खांद्यावरच ठेवून म्हणाली.

“खरड केली.” अण्णा प्रसन्न होते. “चार वर्षं कात्री लागलेली नाही त्याला. आत नुसता गुंता झाला होता. पाडवा होऊन गेला, अजून किती थांबायचं?”

“कोणाला विचारून?”

“विचारायचंय काय त्यात? बाईंनी बूट दिले, आपण काही करायला नको? त्या तीन आठवड्यांनी येणार. तोवर कोंब बोटभर होतात. येतील आणि बघतील, झाड नवंकोरं.” त्यांनी एका भुजेखाली बोट धरले आणि ओले बोट आम्हाला दाखवले. “हे बघ, पाणी सुटलंय. मुळी जागी आहे.”

“आणि ही हळद?”

“कापावर लावायला बोर्डो पेस्ट नाही तुमच्याकडे.”

“वर्षभराची होती, अण्णा!”

द्राक्षबागेत वर्षातून दोन छाटण्या होतात. ऑक्टोबरची फळासाठी असते. एप्रिलची, जिला खरड म्हणतात, ती लाकडासाठी असते: जुन्या काड्या एकदोन डोळ्यांपर्यंत उतरवायच्या, की वेल ओलांड्यांवरून, म्हणजे तारेवर पसरलेल्या जाड आडव्या फांद्यांवरून, नव्याने फुटतो. कापलेल्या जागेतून पाणी येणे हे वेलाच्या बाबतीत शुभ लक्षण आहे. अण्णांनी मेपलमध्ये दुर्लक्षित वेल पाहिला आणि वेलासाठी जे योग्य ते, योग्य महिन्यात, निर्दोष रीतीने केले. प्रत्येक काप तिरका आणि स्वच्छ होता.

स्वयंपाकघरात शुभा मला हलक्या आवाजात म्हणाली, “तू आत्ता काही बोलू नकोस. तुझं ते ‘पुरावा काय सांगतो’ आज नको.”

मी बोलणार नव्हतो. परंतु जेवताना अण्णांनीच विचारले. माझा लॅपटॉप उघडा होता आणि आम्ही दोघे भाजीत मीठ कमी असल्याचेही बोलत नव्हतो, हे त्यांच्या लक्षात आले असावे.

“विनयराव, तुम्ही वाचलं असेल. सांगा.”

मी सांगितले. पाणी ठिबकण्याची माळ्यांना वाटते तेवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. त्यामुळे झाड मरते याला भक्कम आधार सापडत नाही. अडचण दुसरी आहे. वेलाच्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे भरपूर असतात. या जातीच्या मेपलमध्ये ते थोडे असतात, काही भुजांत नसतातच. हिवाळाभर साठवलेले अन्न त्याने ज्या डोळ्यांकडे पाठवले होते ते डोळे आता ढिगात आहेत. शिवाय मातीतली एक बुरशी उघड्या लाकडातून शिरू शकते. तसे झाले तर काप घेतल्यावर आत तपकिरी रेषा दिसतात. लेपाचा उपयोग नाही. झाड आपली जखम आतून बंद करते, बाहेरून लावलेल्या थराने नाही.

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

“म्हणजे जगेल की नाही?”

“सांगता येणार नाही.”

“अंदाज?”

“अंदाजाला आधार लागतो, अण्णा. माझ्याकडे एकच झाड आहे.”

“नाशिकचे डॉक्टरही शुभाच्या आईच्या वेळी असंच बोलायचे,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

पुढचे आठवडे ते रोज सकाळी हॉर्स्ट यांचे बूट घालून झाडापाशी जात. हात पाठीमागे बांधलेले असत. पावसाने आणि उन्हाने हळद गेली; हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. भुजा करड्याच राहिल्या. उलट, रचलेल्या ढिगातल्या काड्यांवरचे डोळे फुटले. तोडलेल्या लाकडात पाणी शिल्लक होते, तेवढ्यावर इवलीशी तांबडी पाने उघडली, अगदी रेखीव, पाच बोटांची. चारसहा दिवस तो ढीग अंगणातली सर्वात जिवंत वस्तू होता. नंतर पाने काळी पडली. अण्णांनी ढीग मला हलवू दिला नाही.

“प्रणवशी बोलणं झालं का तुमचं?” शुभाने एकदा विचारले. “तो म्हणतो, खरडीचं अण्णा काहीच विचारत नाहीत.”

“त्याला कळतं सगळं. मला काय विचारायचं?”

मग एक दिवस त्यांनीच विषय काढला. ऑक्टोबरच्या छाटणीआधी बागाईतदार काडी तपासायला देतात: प्रयोगशाळेत डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि आत घड बसला आहे की नाही ते पाहतात. त्यावरून किती डोळे ठेवायचे ते ठरते. “खरडीला तपासणी लागत नाही,” अण्णा म्हणाले. “म्हणून मी बघितलं नाही. पण आता बघता येईल का? तुमच्याकडे दुर्बिणी आहेत.”

मी संस्थेतून एक साधा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक परवानगीने घरी आणला. अण्णांनी चारही भुजांच्या सालीची पातळ कपची दाढीच्या पात्याने काढली. इतकी समान जाडी मला हाताने साधली नसती. पूर्वेकडच्या दोन भुजांत सालीखालचा थर तपकिरी होता. पश्चिमेकडच्या दोन भुजांत बारीक हिरवी रेषा होती. एका कपचीवर सालीच्या सुरकुतीत राईएवढा उंचवटा होता. अण्णा त्यावर बराच वेळ डोळा लावून बसले.

“डोळा आहे,” ते म्हणाले. “झोपलाय.”

“उठेलच असं नाही.”

“मी तसं म्हटलंच नाही, विनयराव.”

फ्राऊ वीगांड परतायच्या आदल्या दिवशी शुभा म्हणाली, “मी सांगते त्यांना. तुम्ही आत थांबा.”

“कात्री मी धरली,” अण्णा म्हणाले. “मला ते वाक्य जर्मनमध्ये शिकव. लहान शिकव.”

तिने दोन शिकवली. दुसऱ्या दिवशी टॅक्सी थांबली. फ्राऊ वीगांड चाकांच्या आधारगाडीवर भार टाकत घराला वळसा घालून थेट मागे आल्या. सामान नंतर, आधी झाड. अण्णा बुंध्याशी उभे होते. बूट त्यांनी काढून, धुऊन, पायरीवर जोडीने ठेवले होते आणि स्वतः चपलांवर होते.

“इश हाबे इन गेश्निटन,” ते म्हणाले. मी त्याला कापले. “एस टूट मिर लाइड.” मला वाईट वाटते.

दुसरे वाक्य त्यांनी पुन्हा म्हटले.

फ्राऊ वीगांड यांनी अण्णांकडे पाहिले नाही. त्या भुजांकडे पाहत होत्या, एकेकीकडे, वरून खाली.

“कशाने?” त्यांनी मला विचारले.

“शेडमधल्या करवतीनं. हॉर्स्ट यांच्या.”

“आल्झो.” म्हणजे, अस्सं. “धार तरी होती.”

मग त्यांनी विचारले, “वाचेल?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “दोन भुजा बहुधा गेल्या. उरलेल्या दोन सांगता येत नाहीत. आता त्याला काही करायचं नाही, एवढंच करता येईल. खोलवर पाणी, पावसानं ओढ दिली तर. खत नाही. कात्री नाही.”

“या,” त्या म्हणाल्या; जर्मनमध्ये याचा अर्थ होकार असतो. आणि त्या वर गेल्या. त्या संध्याकाळी मागच्या खिडकीचा पडदा ओढला गेला. दुसऱ्या दिवशीही तो उघडला नाही.

“ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं,” अण्णा म्हणाले.

मेच्या मध्यावर पश्चिमेच्या एका भुजेवर तीन ठिकाणी साल फाटून तांबडे टोक बाहेर आले. अण्णांनी आम्हाला बोलावले नाही. आम्हीच त्यांना तिथे गुडघ्यांवर बसलेले पाहिले. आठवड्याभराने दुसऱ्या भुजेवर एक कोंब आला. शुभाने वर जाऊन सांगितले. फ्राऊ वीगांड यांनी ऐकून घेतले, तिला कॉफी दिली आणि खुब्याविषयी बोलल्या. पडदा मात्र जूनमध्ये कधीतरी अर्ध्यावर आला. अण्णांच्या ते माझ्या आधी लक्षात आले होते.

निघायच्या आधी त्यांनी एकच गोष्ट मागितली. “पूर्वेच्या दोन मेलेल्या काढून जातो. बाईंना रोज ते खुंट बघायला नकोत.”

“आत्ता नको, अण्णा. मेलेलं कुठे संपतं आणि झोपलेलं कुठे सुरू होतं, ते अजून दिसत नाही. ऑगस्टमध्ये काप भरून यायला वेळ मिळतो, रसाचा जोरही नसतो. तेव्हा काढायचं.”

“तेव्हा मी नसेन. केलं मी, आवरायला हवं मीच.”

“हे तुम्हाला आवरता येणार नाही.”

मी ते जितक्या कोरडेपणाने म्हणालो तितके म्हणायला नको होते, असे शुभाच्या चेहऱ्यावर होते. अण्णांनी मात्र मान हलवली. त्यांचा व्हिसा जूनअखेर संपत होता. विमानतळावरून परतल्यावर शुभाला स्वयंपाकघरातल्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेली, त्यांची कात्री सापडली. मूठ घासून अंगठ्याच्या आकाराची झालेली ती कात्री ते निफाडहून सुटकेसमध्ये घालून घेऊन आले होते. जाताना सुटकेस अर्धी रिकामी होती.

“विसरले असतील,” मी म्हणालो.

“अण्णा?” शुभा म्हणाली. “ती कात्री?”

जुलैच्या अखेरीस प्रणवचा फोन आला. अण्णा बागेत फिरकत नव्हते. ऑक्टोबरचा पहिला वेल यंदा तूच धर, असे त्यांनी त्याला सांगितले होते. शेजारच्या गायकवाडांनाही त्यांनी नाही म्हणून कळवले. “तायडे, काय झालं तिकडे?” प्रणवने विचारले. “त्यांना विचारलं तर म्हणतात, हात गेला.” शुभाने त्याला झाडाविषयी सांगितले.

ऑगस्टच्या एका कोरड्या दुपारी आम्ही मेलेले लाकूड काढायचे ठरवले. पश्चिमेच्या भुजांवर आता हातभर फुटवे होते, विरळ, एकाच बाजूला ओढलेले. दुरून पाहिले तर झाड अर्धे वाटे, आणि ते अर्धेच होते. पूर्वेच्या भुजांची साल सुटत होती. मी करवतीचे पाते स्पिरिटने पुसले. तेवढ्यात मागचे दार उघडले आणि फ्राऊ वीगांड, या वेळी फक्त काठीवर, पायऱ्या उतरून आल्या. शुभाने त्यांना खुर्ची दिली.

“हेर बोरस्तेंना फोन लावा,” त्या म्हणाल्या. “चित्र दिसेल असा.”

शुभाने लावला. निफाडला संध्याकाळ होती. अण्णा ओट्यावर बसले होते. समोर फ्राऊ वीगांड दिसताच ते उभे राहिले.

“त्यांना विचारा, कुठे कापायचं,” फ्राऊ वीगांड म्हणाल्या.

मी विचारले.

“मी नाही सांगणार,” अण्णा म्हणाले. “माझं शहाणपण वेलाचं. ते तिथं चाललं नाही, सगळ्यांनी बघितलंय. तुम्ही वाचलंय, विनयराव, तुम्ही कापा.”

मी ते भाषांतर केले. फ्राऊ वीगांड यांनी काठी दोन्ही हातांत धरली.

“तुमच्या जावयाने वाचलंय, ते खरं,” त्या थेट फोनकडे पाहून जर्मनमध्ये बोलल्या, वाक्यावाक्याला थांबून, मला वेळ देत. “पण दोन महिने रोज सकाळी झाडाकडे बघत कोण उभं होतं, ते मी पडद्याच्या फटीतून पाहिलंय. हॉर्स्ट आठवडा बघायचा. तुम्ही उशिरा बघितलंत. पण बघितलंत. आता सांगा.”

अण्णा ओट्यावर परत बसले. मग म्हणाले, “जवळ न्या.”

मी फोन बुंध्याजवळ नेला.

“अजून. खाली. ती वळी दिसते का, भुजा खोडाला मिळते तिथे? सालीची घडी पडलीय.”

“दिसते.”

“वळी खोडाची. तिला धक्का लावायचा नाही. तिच्या लगेच बाहेर. खुंट ठेवायचा नाही. आधी खालून थोडं कापा, नाहीतर वजनानं साल सोलून जाईल.”

पुस्तकात हेच होते. मी तसे कापले. आधी एक भुजा, पाते पुसून मग दुसरी. दोन्ही हलक्या होत्या, आतून वाळलेल्या. बुंध्यावर बशीएवढ्या दोन गोल जखमा राहिल्या.

“काप दाखवा,” अण्णा म्हणाले. “उजेडात.”

मी दाखवला. मध्यभागी करडेपणा होता. कडेने, वळीच्या आत, लाकूड फिकट पिवळसर आणि ओले होते. तपकिरी रेषा नव्हत्या. मी सांगितले की याचा अर्थ बुरशी नाही असा होत नाही, या दोन कापांत ती दिसली नाही एवढाच होतो. आणि झाड वाचले की नाही हे पुढल्या वसंताआधी कोणीही सांगू नये. मी हे दोन्ही भाषांत सांगितले. दोघांनीही मला अडवले नाही आणि दोघांचेही माझ्याकडे लक्ष नव्हते.

“लाकूड चांगलं आहे,” अण्णा म्हणाले.

फ्राऊ वीगांड यांनी खाली वाकून एक तुकडा उचलला, त्याचा वास घेतला आणि मांडीवर ठेवला.

“विनयराव.” अण्णांनी घसा साफ केला. “शुभा गणपतीला येणार ना? तिच्याबरोबर माझी कात्री पाठवा. ऑक्टोबर आलाच. आणि पाठवण्याआधी पातं स्पिरिटनं पुसा. यंदा वेलावेलाला पुसून कापणार. प्रणवला हसू दे हसायचं तर.”

शुभाने तोंड फिरवले. फ्राऊ वीगांड यांनी विचारले, ते काय म्हणाले. मी सांगितले.

“स्पिरिटची बाटली वर माझ्याकडे द्या,” त्या काठीवर उठत म्हणाल्या. “कात्री मी पुसते.”